पिअर सपोर्टरची नोकरी करा, पण तुमची फाइल जिथे आहे तिथे नको

दादा, तुम्ही लिहिलंय की बायपोलर (मूड कधी खूप चढतो, म्हणजे मॅनिया, कधी खूप उतरतो, असा आजार) आहे, आता बरीच वर्षं स्टेबल आहात, आणि जिथे ट्रीटमेंट चालू आहे तिथलेच डॉक्टर म्हणतायत की आमच्याकडे पिअर सपोर्टर (स्वतः आजारातून गेलेला आणि आता बाकी पेशंटना आधार देणारा माणूस) म्हणून ये. नाशिकच्या सिडकोतून रोज जाणं जमेल का, स्थळं बघतायत त्यांना कळेल का, असे दोन प्रश्न. जाण्यायेण्याचं सोडा, सिटीलिंकची बस आहेच. काम जरूर करा. पण त्या सेंटरला करू नका.

मलाही अशीच ऑफर आली होती, नाशिकमध्येच, नाव घेत नाही. डॉक्टर ओळखीचे, वॉर्डातल्या मावशी ओळखीच्या, म्हटलं अजून काय हवं. आणि काम खरंच छान होतं हो. द्राक्षबागवाले एक काका होते (ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून सांगतेय), डॉक्टरांसमोर नुसते हो हो म्हणायचे, गोळीने हात थरथरतात आणि फवारणीचा पंप धरवत नाही हे मला सांगितलं, का तर माझ्या हातातला चहाही हलत होता. मग मी त्यांना म्हटलं हे असंच्या असं डॉक्टरांना सांगा, आपण दोघं जाऊ. एवढंच असतं हे काम. गोळी बदला, कमी करा हे आपण कधीच बोलायचं नाही.

मग एका मीटिंगमध्ये मी म्हटलं की पेशंटने ऐकलं नाही म्हणून त्याचा घरी करायचा फोन बंद करायचा नाही, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात ॲडमिट माणसाला घरच्यांशी बोलायचा हक्क दिलाय. वाद झाला, आवाज चढले, सगळ्यांचेच. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावणं. झोप होतेय ना? गोळ्या चालू आहेत ना? लिथियमची (मूड स्थिर ठेवायची गोळी) रक्तातली लेव्हल कधी केली होती? आणि टेबलावर माझी फाइल. कामाची नाही, ट्रीटमेंटची. समोर बसलेला माणूस डॉक्टर पण नव्हता, ॲडमिन बघायचा!

तिथून पुढे काय सांगू. उशीर झाला की डिप्रेशन, जास्त हसले की मॅनिया. सिस्टर चिडल्या तर कामाचा ताण, मी चिडले तर लक्षण. मग नवीन नियम काढला, दर महिन्याला फिटनेसचं पत्र आणा तरच मानधन निघेल, पत्र देणार तेच डॉक्टर, ते बाहेरगावी असले की माझं व्हाउचर अडकलं. दहा ऑक्टोबरला मानसिक आरोग्य दिन आला की मात्र माइक माझ्या हातात, फोटोला पुढे. सोडताना अनुभवाचं पत्र मागितलं तर त्यात काय लिहावं, 'आमच्या पुनर्वसन उपक्रमाच्या लाभार्थी'. लाभार्थी! पगारवाढीसाठी भांडायला गेले असते तर कागदावर मी कर्मचारी नव्हतेच. आणि सगळ्यात महागात पडलं ते हे की नोकरी गेली त्याच दिवशी माझे डॉक्टरही गेले. नवीन डॉक्टर शोधायचे, पहिल्यापासून सगळं सांगायचं, तेही मन बिघडलेलं असताना.

म्हणून म्हणते, ट्रीटमेंट एकीकडे, नोकरी दुसरीकडे. नेमणूकपत्रात तुमचं पद, काम, तास, पैसे आणि तुम्ही कोणाला रिपोर्ट करणार हे लिहून घ्या, रिपोर्ट करायचा माणूस तुमच्यावर उपचार करणारा नको. काय करणार नाही हेही लिहून घ्या. पेशंटला धरून आणायला जाणार नाही, गोळ्या वाटणार नाही, नाइट करणार नाही (बायपोलरमध्ये झोपेशी खेळ नको, यावर मी कोणाचंच ऐकत नाही). आजाराची माहिती गुप्त ठेवायचा हक्क त्याच कायद्यात कलम २३ ला आहे, स्वतःचे कागद मागायचा २५ ला. मी वकील नाही, कायदा स्वतः वाचा.

लोक म्हणतात आपल्याकडे हे चालतच नाही. असं कसं? पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ ला सुरू झालं, तिथे व्यसनातून बाहेर आलेली माणसं काम करतात आणि कोणाला त्यात नवल वाटत नाही. आपल्या पेठ तालुक्यात आत्मीयता प्रकल्पात गावातल्याच लोकांना शिकवून मानसिक आधाराचं काम झालं. ते थोडं वेगळं, स्वतः आजारातून गेलेलं असायची अट तिथे नव्हती, पण साधी माणसं हे करू शकतात हे तर दिसलंच ना. दारू सुटलेल्यावर विश्वास ठेवतात, आमच्यावर ठेवायला काय होतं कळत नाही.

अजून एक, पेशंट 'कोणाला सांगू नका हं' म्हणून सुरू करतो तेव्हा आधीच सांगायचं की जीवाला धोका असेल तर मी टीमला सांगणार. नंतर सांगितलं तर विश्वास जातो. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर पाठ ठेवा, मराठीत बोलतात. कामासाठी वेगळं सिम घ्या, नाहीतर रात्री दोनला व्हॉट्सॲप वाजतं. लिथियमवर असाल तर मे महिन्यात फिल्डवर पाण्याची बाटली हवीच, अंगातलं पाणी कमी झालं की लेव्हल वाढते, निर्जळी उपास वगैरे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

स्थळांचं म्हणाल तर कळणार. पिअर सपोर्टर म्हटलं की पुढचा प्रश्न येतोच, तुम्हाला काय झालं होतं. जॉइन व्हायच्या आधी घरच्यांशी बोलून घ्या आणि मुलीला तुम्ही स्वतः सांगा, मध्यस्थाकडून नको. माझ्या वेळी मध्यस्थाने 'थोडं टेन्शन असायचं तिला' असं सांगून ठेवलं होतं, ते निस्तरायला फार त्रास झाला.