गेम सुरू होत नाही? आधी पीसी उघडून पाहू

सुट्ट्या जवळ आल्या की या सदराकडे एका विषयाची पत्रं हमखास वाढतात. माळ्यावरचा जुना पीसी खाली आलेला असतो, कपाटात जपून ठेवलेल्या सीडी मुलांच्या हाती लागलेल्या असतात आणि गेम काही केल्या सुरू होत नाही. अशा पीसीचं भंगार करायची घाई करू नका, असं मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, कारण बहुतेक वेळा बिघाड छोटा आणि ओळखीचा असतो. फक्त पत्रात "एरर येतो" एवढंच लिहू नका. पडद्यावर आलेलं वाक्य आकड्यांसकट जसंच्या तसं उतरवून पाठवा. निम्मं निदान त्या वाक्यातच असतं.

ताई, आमच्याकडे 2004 साली तपकीर गल्लीतून असेंबल करून घेतलेला पेंटियम 4 आहे, त्यावर विंडोज एक्सपी. नातू आला की गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळतो. पंधरा-वीस मिनिटं छान चालतं आणि मग पीसी एकदम बंद पडतो. संदेश वगैरे काही येत नाही. टायपिंग करा, गाणी लावा, दिवसभर चालतो. गेममधून व्हायरस आला असेल का?
— एक आजोबा, सहकारनगर

आजोबा, व्हायरस नाही. दिवसभर गाणी चालतात पण गेम चालत नाही, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. गाण्यांना प्रोसेसरची ताकद जेमतेम लागते, गेम मात्र ती सगळी खेचून घेतो. पेंटियम 4 तापण्यासाठी प्रसिद्धच होता. तापमान मर्यादेपलीकडे गेलं की जळण्यापेक्षा बंद पडलेलं बरं म्हणून तो स्वतःच पीसी बंद करतो.

खात्री करून घ्या. पीसी बंद पडला की लगेच पुन्हा चालू करून डिलीट बटण दाबत राहा, म्हणजे बायॉस, म्हणजे विंडोजच्या आधी येणारं पीसीचं सेटिंगचं पान, उघडेल. त्यात 'पीसी हेल्थ' किंवा 'हार्डवेअर मॉनिटर' नावाच्या पानावर प्रोसेसरचं तापमान दिसतं. ते सत्तर अंशांच्या वर असेल, तर बाकी काही शोधत बसू नका.

भिंतीतला प्लग काढून कॅबिनेटची बाजूची पट्टी उघडा. प्रोसेसरवरचा पंखा वरून स्वच्छ दिसेल, पण त्यावर जाऊ नका. पंख्याचे स्क्रू काढून तो उचला आणि खालच्या हीटसिंककडे, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पात्यांकडे, बघा. पात्यांच्या तोंडावर नमद्यासारखा घट्ट करडा थर बसलेला असतो, अख्खा सोलून निघेल असा. पीसी देव्हाऱ्याजवळ असेल, तर उदबत्तीच्या धुराने तो चिकटही झालेला असतो. पंखा कितीही जोरात फिरला तरी त्यातून वारा जात नाही. कोरड्या रंगाच्या ब्रशने तो काढा, मग ब्लोअर मारा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. मोकळं सोडलं तर ते भलत्या वेगाने फिरतं आणि त्याचं बेअरिंग जातं.

एवढ्याने भागलं तर उत्तम. नाही भागलं, तर हीटसिंक आणि प्रोसेसरमधली, उष्णता पोचवणारी थर्मल पेस्ट वाळून खडू झालेली असणार. ती बदलावी लागते, आणि इथे मात्र जपून. तुमचा मदरबोर्ड 478 सॉकेटचा (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसवायची जागा) असेल (2004 मध्ये बहुतेक तोच मिळायचा), तर वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर हीटसिंकला चिकटून बसतो. हीटसिंक सरळ वर ओढला तर सॉकेटचा खटका लावलेला असतानाही प्रोसेसर त्याच्याबरोबर उपसून येतो आणि खालच्या पिना वाकतात. म्हणून आधी पीसी दहा मिनिटं चालू ठेवून पेस्ट गरम होऊ द्या, मग बंद करून प्लग काढा. हीटसिंकच्या क्लिपा सोडवा आणि तो डावी-उजवीकडे अगदी थोडा थोडा फिरवत सैल करा, मगच उचला. जुनी पेस्ट पुसून नवी मुगाच्या दाण्याएवढीच लावा. हात थरथरत असेल तर हे काम नातवाकडून करून घ्या, तुम्ही शेजारी बसून सांगा.

बोर्ड उघडाच आहे तर प्रोसेसरभोवतीचे कपॅसिटर, म्हणजे छोट्या डब्यांसारखे उभे भाग, तेही पाहून घ्या. त्यांची टोपी सपाट हवी. फुगलेली असेल किंवा तपकिरी चिकट काही बाहेर आलं असेल, तर ते बदलून घ्यावे लागतील. 2000 नंतरच्या काही वर्षांत सदोष कपॅसिटरचे बोर्ड जगभर विकले गेले आणि ते अजूनही घराघरात सापडतात.

ताई, बाबांची 'एज ऑफ एम्पायर्स 2'ची सीडी मिळाली. आमच्या कोअर टू ड्युओवर विंडोज 7 आहे. गेम इन्स्टॉल झाला, सुरूही होतो, पण गवत लालसर दिसतं आणि पाणी जांभळं. ग्राफिक्स कार्ड गेलं का? हॉस्टेलवरच्या मित्राबरोबर लॅनवर, म्हणजे दोन पीसी एकमेकांना जोडून, खेळायचंय, त्याच्याकडे विंडोज 10 आहे.
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, कोथरूड

कार्ड शाबूत आहे. हा गेम 1999चा. तो एका वेळी फक्त 256 रंग वापरतो आणि कुठल्या क्रमांकाला कुठला रंग, याचा तक्ता स्वतः ठरवतो. विंडोज 7 मध्ये मागे चालू असलेला एक्सप्लोरर, म्हणजे डेस्कटॉप आणि टास्कबार दाखवणारा प्रोग्रॅम, त्याच तक्त्यात हात घालतो. गेम मागतो हिरवा, तक्त्याच्या त्या घरात आता भलताच रंग असतो.

आधी सोपा उपाय कर. डेस्कटॉपवर राइट क्लिक करून 'स्क्रीन रेझोल्यूशन'ची खिडकी उघड, ती तशीच उघडी ठेव आणि गेम सुरू कर. पुष्कळ पीसींवर एवढ्यानेच रंग जागेवर येतात. नाही आले तर टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोररची प्रोसेस बंद कर. डेस्कटॉप गायब होईल, घाबरू नकोस. टास्क मॅनेजरच्याच फाइल मेनूत 'न्यू टास्क' आहे, तिथून ब्राउझ करून गेम उघड. खेळून झालं की त्याच ठिकाणी एक्सप्लोरर असं टाइप केलंस की डेस्कटॉप परत येतो.

मित्राला सांग, कंट्रोल पॅनेलमध्ये विंडोजची फीचर्स चालू-बंद करायची यादी असते. तिथे 'लेगसी कंपोनंट्स'खाली 'डायरेक्टप्ले' असेल, त्यावर टिक कर. त्या काळातले गेम लॅनवर एकमेकांशी त्याच्यामार्फत बोलतात, आणि विंडोज 10 मध्ये ते मुळात बंद असतं. एवढं करूनही दोघं एकमेकांना दिसला नाहीत, तर दोन्हीकडच्या फायरवॉलमध्ये गेमला परवानगी द्या.

मुलाला 2006च्या सुमाराचा एक रेसिंग गेम भावाने दिला. इन्स्टॉल झाला, पण उघडताना 'डी-थ्री-डी-एक्स-नाइन, अंडरस्कोर, 30, डीएलएल सापडत नाही' असं येतं. नेटवर ती एकच फाइल फुकट देणाऱ्या बऱ्याच साइट्स दिसल्या. घेऊ का?
— एक आई, निगडी

नका घेऊ. एरर नीट उतरवलात म्हणून उत्तर लगेच देता येतंय, पण त्या साइट्सवरून फाइल उतरवणं म्हणजे अनोळखी माणसाला घराची किल्ली देण्यासारखं आहे. फाइलचं नाव बरोबर असतं, आत काय आहे ते कोण पाहतं?

ही फाइल डायरेक्टएक्स 9च्या, म्हणजे गेमना चित्रं-आवाज दाखवायला मदत करणाऱ्या विंडोजच्या भागाच्या, मदतनीस फायलींपैकी एक. 24 पासून 43 पर्यंत क्रमांकांच्या त्या अनेक आहेत आणि त्या विंडोजबरोबर येत नाहीत, प्रत्येक गेमने आपल्याबरोबर आणाव्यात अशी पद्धत होती. म्हणूनच पीसीवर डायरेक्टएक्स 11 किंवा 12 असलं तरी हा एरर येतो. आधी गेमच्या डिस्कवर 'डायरेक्टएक्स' किंवा 'रीडिस्ट' नावाचं फोल्डर आहे का पाहा. नसेल किंवा त्यात जुनी आवृत्ती असेल, तर मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या साइटवरून 'डायरेक्टएक्स एंड-यूजर रनटाइम्स, जून 2010' हे पॅकेज घ्या. साधारण 95 एमबीचं आहे आणि त्यात सगळे क्रमांक आहेत.

पुष्कळांचं घोडं यानंतर अडतं. हे पॅकेज उघडलं की ते फक्त एक फोल्डर विचारतं, त्यात ढीगभर फायली काढून ठेवतं आणि गप्प होतं. लोकांना वाटतं, झालं इन्स्टॉल. खरं इन्स्टॉलेशन अजून बाकी असतं. त्या फोल्डरमध्ये जाऊन 'डीएक्ससेटअप' चालवा, मग गेम उघडा.

विकत घेतलेली, बिलासकट असलेली मूळ सीडी आहे, 2002ची. एक्सपीवर उत्तम चालायची. विंडोज 10च्या पीसीवर डबल क्लिक केलं की काहीच होत नाही. कंपॅटिबिलिटी मोड, ॲडमिनिस्ट्रेटर, सगळं करून झालं.
— एक वाचक, बिबवेवाडी

सीडी मूळ आहे, हीच इथे अडचण झाली आहे. सीडी उघडून आतल्या फायली बघा, लपवलेल्याही. सात शून्यं आणि एक अशा नावाची टीएमपी फाइल दिसली, तर गेमला सेफडिस्क नावाचं कुलूप आहे. सीडी खरी आहे का, हे ते विंडोजमध्ये खोलवर बसणाऱ्या एका ड्रायव्हरकडून तपासून घेतं. त्या ड्रायव्हरमध्ये सुरक्षेची भोकं होती म्हणून 2015 मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजवर तो अपडेटमधून बंद केला, आणि विंडोज 10 मध्ये ठेवलाच नाही. तेव्हा कंपॅटिबिलिटी मोडचा इथे काही उपयोग नाही.

प्रामाणिकपणे पैसे मोजणाऱ्यालाच गेम खेळता येऊ नये, याचं मला खरंच वाईट वाटतं. तरीही कुठून तरी आणलेला 'क्रॅक' टाकू नका, त्यातून काय येईल सांगता येत नाही. दोन रस्ते सरळ आहेत. जीओजीसारख्या ऑनलाइन दुकानात तोच गेम कुलपाशिवाय, नव्या विंडोजसाठी तयार करून विकायला आहे का पाहा. नसेल, तर घरातल्या जुन्या एक्सपी पीसीवर खेळा आणि त्या पीसीला इंटरनेट जोडू नका. एक्सपीला 2014 पासून सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत. गेमला नेट लागत नाही, मग केबल कशाला?

मुलीला प्रिन्स ऑफ पर्शिया दाखवायचाय, आमच्या वेळचा डॉसवरचा. 64 बिट विंडोज तो उघडतच नाही.
— एक बाबा, नारायण पेठ

उघडणार नाही. 64 बिट विंडोज प्रिन्ससारखे 16 बिटचे जुने प्रोग्रॅम चालवतच नाही. डॉसबॉक्स हा जुन्या डॉसची नक्कल करणारा मोफत प्रोग्रॅम टाका आणि प्रिन्सची फाइल ओढून त्याच्या आयकॉनवर सोडा. हालचाल अडखळली तर कंट्रोल आणि एफ 12 दाबून वेग वाढवा, फार पळायला लागला तर कंट्रोल आणि एफ 11. पूर्ण पडद्यासाठी ऑल्ट आणि एंटर. राजकन्येसाठी तासाभराचीच मुदत आहे, तेव्हा मुलीला पहिल्या दिवशी सापळे ओळखायलाच शिकवा.

ताई, मी दहावीत आहे. आमचा पीसी इंटेल 845 बोर्डाचा, 512 एमबी रॅम. 2004च्या पुढचे गेम 'पिक्सेल शेडर नाही' म्हणून बंद होतात. ड्रायव्हर बदलून होईल का?
— एक विद्यार्थी, हडपसर

नाही रे. बोर्डावरच्या त्या ग्राफिक्समध्ये पिक्सेल शेडर, म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांचे रंग-प्रकाश ठरवणारा भाग, मुळातच नाही, आणि जे नाही ते ड्रायव्हर आणू शकत नाही. 'थ्रीडी ॲनलाइज' नावाचा प्रोग्रॅम गेमला फसवतो, पण गेम सुरू झालाच तरी माणसांचे चेहरे काळे दिसतात. त्यात वेळ घालवू नकोस.

कॅबिनेट उघडून बघ. पांढऱ्या पीसीआय स्लॉटच्या वर, प्रोसेसरच्या बाजूला, एक तपकिरी एजीपी स्लॉट, म्हणजे ग्राफिक्स कार्ड बसवायची खाच, आहे का? 845 जीएल आणि जीव्ही या प्रकारांत तो नसतो. तसं असेल तर इथेच थांब आणि 2002च्या आधीचे गेम मजेत खेळ, ते काही कमी नाहीत. स्लॉट असेल तर त्याचा फोटो घेऊन बाबांबरोबर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात जा. जीफोर्स एफएक्स 5200 किंवा 6200, एजीपीचंच, माग. जीफोर्स 4 एमएक्स 440 स्वस्तात पुढे करतील, ते घेऊ नकोस. नावात 4 असलं तरी त्यातही पिक्सेल शेडर नाही. कार्डावर पंखा असेल तर बोटाने फिरवून बघ, कपॅसिटर फुगलेले नाहीत ना ते बघ, आणि नाही चाललं तर परत घेणार का, हे पैसे देण्याआधी विचार.

बसवताना प्लग काढलेला असू दे. कार्ड स्लॉटच्या टोकाच्या खटक्यात बसेपर्यंत सरळ दाब, मागचा स्क्रू लाव, आणि मॉनिटरची केबल बोर्डावरून काढून कार्डाला जोड. ही केबल बदलायची राहिली की पडदा काळा राहतो आणि मुलं चांगलं कार्ड परत करून येतात.