तिसरीचा नंबर

प्रिय मुली,

क्लबच्या महिला क्रॉसकंट्री संघाची कॅप्टन म्हणून तुझं नाव ठरलं, मला मनापासून आनंद झाला. तुझ्या वयाच्या मुलींचा संघ तू सहज सांभाळशील, त्या आपणहून येतात. मी लिहितेय ते मास्टर्सच्या संघाबद्दल, पस्तिशी-चाळिशी ओलांडलेल्या बायकांच्या. अकरा हिवाळे तो संघ मी उभा केला. तू सत्तावीस वर्षांची. या बायकांच्या गुडघ्यांत काय चाललेलं असतं आणि मनात काय, हे कुणी सांगितल्याशिवाय तुला कळायचं नाही, म्हणून हे लांबलचक पत्र.

आधी गुणांचं. क्रॉसकंट्रीत, म्हणजे माळावर आणि चिखलात पळायच्या शर्यतीत, संघाचा निकाल घड्याळावर लागत नाही, नंबरावर लागतो. पाचवी आली तिचे पाच, अकरावीचे अकरा. ज्यांची बेरीज सगळ्यांत कमी, तो संघ पहिला. आपल्या लीगमध्ये मास्टर्स बायकांच्या तिघींचे गुण धरतात. दुसऱ्या स्पर्धांत हा आकडा बदलतो, म्हणून नियमपत्रक दर वेळी नव्याने वाच. आता बघ, पुढे पळणाऱ्या बाईच्या मागेपुढे मैदान मोकळं असतं. ती दहा सेकंद लवकर आली तरी बहुतेक वेळा नंबर तोच राहतो. संघातली तिसरी मात्र गर्दीत पळत असते. तिथे दहा सेकंदांत पाच-सहा जणी शेवटच्या रेषेवर येतात. तिने एक वळण नीट घेतलं तर चार गुण वाचतात, एका उतारावर कचरली तर चार जातात. आपला संघ तिसरीवर ठरतो. कॅप्टन म्हणून तुझं लक्ष सगळ्यांत जास्त तिच्याकडे हवं.

एका जानेवारीतली, लंडनच्या पार्लमेंट हिल टेकडीवरची शर्यत सांगते. सुरुवातीची ती रुंद रेषा आणि समोरचा चढ तुला माहीत आहे. रात्रभर पाऊस झालेला. आपली पहिली पाचवी होती, दुसरी अकरावी. तिसरी म्हणजे हॉस्पिटलात रात्रपाळी करून थेट आलेली आपली बावन्न वर्षांची नर्स, चोविसावी. समोरच्या क्लबच्या दोघी सातव्या आणि नवव्या, आणि त्यांची तिसरी बाविसावी. म्हणजे त्यांचे अडतीस, आपले चाळीस. शेवटच्या उतारावर मी उभी होते. तिच्या मांड्यांपर्यंत चिखल उडालेला, एका पायाचा मोजा घोट्यावर गोळा झालेला. मी ओरडले, "पुढच्या दोघींतली लाल बनियनवाली त्यांची तिसरी आहे!" तिने मान वर केली नाही. हात मोकळे सोडले आणि उतारावर स्वतःला झोकून दिलं. फनेलच्या, म्हणजे शेवटच्या रेषेपाशी दोऱ्या लावून केलेल्या अरुंद वाटेच्या, तोंडाशी तिने दोघींना मागे टाकलं. ती बाविसावी, त्यांची तेविसावी. आपले अडतीस, त्यांचे एकोणचाळीस. निकाल कळल्यावर ती तंबूत पिशव्यांच्या ढिगावर बसून रडली. मी विचारलं, काय झालं गं? म्हणाली, शाळा सुटल्यापासून कुणी मला म्हटलं नव्हतं की तुझ्यावाचून अडेल.

आणि आता माझी चूक. त्याच्या आदल्याच मोसमात आपल्याकडे दोन फार चांगल्या धावणाऱ्या होत्या, तिसरीही बरी होती. चौथीने शुक्रवारी विचारलं, येऊ का? मी तिला लिहिलं, "या वेळी गरज नाही, आराम कर." दुसऱ्या दिवशी पहिल्याच वळणावर तिसरीचा घोटा मुरगळला. उरलेल्या दोघी पहिली आणि तिसरी आल्या आणि निकालात आपल्या क्लबचं नाव नव्हतं, कारण दोघींचा संघ होत नाही. नाव नसल्याचं दुःख आठवड्यात विरलं. ज्या बाईला मी "गरज नाही" म्हणाले, ती मात्र त्या मोसमात परत आलीच नाही. ते शब्द तुझ्या बोटांतून कधी निघू देऊ नकोस. शिवाय गणितानेही ते चूक आहेत. गुणांत न धरलेली चौथी समोरच्यांच्या तिसरीच्या आधी पोचली, तर त्यांचा एक गुण वाढतो. पाचवीही आधी पोचली तर दोन. बऱ्याच स्पर्धांत वयाने मोठी बाई खालच्या वयोगटाच्या संघातही चालते, म्हणून साठीतल्यांनाही विचारत जा.

"मी कुठली धावपटू, माझ्यामुळे तुमचा संघ मागे पडेल." हे वाक्य तू शंभरदा ऐकशील. ते कुठून येतं ते समजून घे. ज्यांच्या नावातलं 'हॅरिअर्स' आपण रोज ऐकतो ते धावण्याचे जुने क्लब पुरुषांनी काढले. थेम्स हेअर अँड हाउंड्स तर १८६८ सालचा. इंग्लंडची महिलांची राष्ट्रीय क्रॉसकंट्री १९२७ मध्ये सुरू झाली. पण पुढच्याच वर्षी ॲम्स्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये बायका ८०० मीटर धावल्या, त्या थकून पडल्या असा गवगवा झाला, आणि ती शर्यत १९६० पर्यंत बंद राहिली. मधल्या काळात ऑलिम्पिकमध्ये बायकांना २०० मीटरच्या पुढे काही नव्हतं. १५०० मीटर आलं १९७२ मध्ये, मॅरेथॉन १९८४ मध्ये. आपल्या क्लबातल्या सत्तरीच्या आजीबाई तुझ्या वयाच्या होत्या, तेव्हा ऑलिम्पिकमध्ये बायकांची मॅरेथॉन नव्हती. जागतिक क्रॉसकंट्रीत बायकांचं आणि पुरुषांचं अंतर सारखं, १० किलोमीटर, झालं ते थेट २०१७ मध्ये, कंपालाला. तेव्हा बाई "मी कुठली धावपटू" म्हणते, त्यामागे तिची भीड असतेच, पण शंभर वर्षांची ही शिकवणूकही असते.

अशा वेळी मी जॉयस स्मिथची गोष्ट सांगते. १९७२ ची आंतरराष्ट्रीय क्रॉसकंट्री जिंकणारी ही इंग्लंडची बाई. १९८१ मध्ये पहिली लंडन मॅरेथॉन झाली तेव्हा ती त्रेचाळीस वर्षांची होती, दोन मुलींची आई. तिने ती २ तास २९ मिनिटे ५७ सेकंदांत जिंकली. पुढच्या वर्षी पुन्हा जिंकली, आणखी १४ सेकंद कमी घेऊन. १९८४ च्या ऑलिम्पिक मॅरेथॉनमध्ये सेहेचाळिसाव्या वर्षी अकरावी आली. आपल्यातली कुणी जॉयस स्मिथ होणार नाही, पण चाळिशीनंतर पाय संपतात हा समज त्या एका नावासमोर टिकत नाही.

शरीराचं बोलू. तुला संकोच वाटेल, तरी बोल. मंगळवारी टेकडीवर जोरात पळालेली बाई पन्नाशीत गुरुवारी पुन्हा तशी पळू शकत नाही, तिला मध्ये दोन-तीन दिवस लागतात. तुझं वेळापत्रक तिच्यावर लादू नकोस. पाळी जाण्याच्या वर्षांत झोप उडते, अंगाचा भडका होतो, कुणाला महिनोन्‌महिने अंगावर खूप जातं. थकवा दिसला की "सराव कमी पडतोय" म्हणण्याआधी डॉक्टरकडून रक्तातलं लोह तपासून घ्यायला सांग. उतारावर पळताना लघवी सुटते म्हणून दोघींनी शर्यती सोडल्या होत्या. मला ते दोन वर्षांनी कळलं. त्यावर फिजिओथेरपिस्ट असतात, व्यायाम असतात, आणि तोवर पॅड आहेच. तू हे सहज आवाजात, लेस बांधता बांधता बोललीस की बाकीच्याही बोलतात. मैदानावर पोचल्यावर आधी शौचालयाची रांग कुठे आहे ते बघून ठेव. आणि वॉर्मअप तुझ्या दुप्पट वेळ दे, वीस-पंचवीस मिनिटं सावकाश.

सराव गवतावर ठेव. आपली तीन-तीन मिनिटांची सहा पळणी मला अजून सगळ्यांत उपयोगी वाटतात. दर पळणीनंतर पुढच्यांनी मागे वळून शेवटच्या बाईपर्यंत हळू पळत यायचं आणि पुढची पळणी सगळ्यांनी एकत्र सुरू करायची. एकमेकींचा श्वास ओळखीचा झाला की शर्यतीतही त्या एकमेकींना सोडत नाहीत, आणि पहिली ते तिसरीतलं अंतर कमी होतं. याहून मोठे डावपेच मला ठाऊक नाहीत.

चिखलाचं मी आजोळी शिकले, चिपळूणजवळ. लावणीच्या दिवसांत भाताच्या रोपांच्या मुठी या खाचरातून त्या खाचरात पोचवायचं काम आम्हा पोरांकडे असायचं. लांब ढांग टाकली की पाय पोटरीपर्यंत रुतायचा, आजी बांधावरून ओरडायची, "बारीक पावलं टाक गं!" लंडनच्या चिकणमातीलाही तेच लागू. पावलं लहान, झटपट, टाच रोवायची नाही, नजर चार पावलं पुढे. बुटांच्या तळाला खोल चिखलासाठी १५ मिलिमीटरचे खिळे, मध्यम ओल्याला १२, कडक जमिनीला ९. खिळे शुक्रवारी रात्री घरी बदलायला लाव, सकाळी गारठलेल्या बोटांनी किल्ली फिरत नाही. लेसला दोन गाठी आणि वरून चिकटपट्टी. बनियन क्लबचंच हवं, नाहीतर धावलेलं फुकट जायचं.

शर्यत चालू असताना शेवटच्या रेषेपाशी उभी राहू नकोस, तिथे ओरडायला सगळे असतात. शेवटच्या फेरीच्या मध्यावर जा, जिथे झाडं आहेत आणि माणूस नाही. तिसरी तिथेच मनातून सुटते. "छान, छान" म्हणू नकोस, ते तिला खरं वाटत नाही. नाव घे, नंबर सांग, पुढे कोण आहे ते सांग. आणि सगळ्यांत शेवटची येईपर्यंत तिथून हलू नकोस, थंडी कितीही असो.

बाकी तंबू, केक, थर्मासमधला आल्याचा चहा हे तू बघशीलच. जानेवारीत डिंकाचे लाडू मी करून देईन, त्यांना ते फार आवडतात.

निळा पत्र्याचा डबा तुझ्याकडे पाठवतेय. त्यात खिळ्यांची किल्ली, सेफ्टी पिना, चिकटपट्टी, दोन मापांची जादा बनियनं आणि फोन नंबरांची वही आहे. वहीत ज्या नावांपुढे मी टिंब केलंय, त्यांना मेसेज पाठवून भागत नाही, फोन करावा लागतो. शनिवारच्या शर्यतीसाठी आपल्याकडे आत्ता दोघीच पक्क्या आहेत. ज्या बाईला मी आराम कर म्हणाले होते, तिचं नाव चौथ्या पानावर आहे. मी दोनदा विचारलं, ती नाही म्हणाली. तू विचार. नऊनंतर कर, त्याआधी ती नातवाला झोपवत असते.

तुझी,
मावशी