आधी सावली बघा, मग खेळणी

मॅडम, शाळेच्या आवारात मुलांसाठी खेळाचा कोपरा करायचा म्हणता, तर घसरगुंडीचं तूर्त राहू द्या. आधी आठवडाभर मधल्या सुट्टीत नुसतं बघा, मुलं आपणहून कुठं रमतात. आमच्याकडं ती कडुनिंबाखाली, हातपंपाच्या सांडपाण्यात चिखल कालवत बसायची. तिथंच कोपरा केला. बाभळीचे ओंडके गुडघ्याएवढेच घ्या, साल तासा आणि वीतभर जमिनीत गाडा, म्हणजे डुगडुगणार नाहीत. वाळू चाळून टाका, रात्री ताडपत्रीनं झाका, नाहीतर मांजरं घाण करतात. कुंपणाला कण्हेर मात्र अजिबात नको, तिचं पानसुद्धा विषारी. मेंदी किंवा अडुळसा लावा, जूनचा पाऊस नीट बसल्यावर. कपडे मळले म्हणून पालक चिडतील. त्यांना एकदा बघायला बोलवाच. परवा दुसरीतली पोर पळसाच्या पानांवर चिखलाच्या भाकरी वाढत होती, मोजून अकरा.