पुनर्विकास होणार म्हणून दुरुस्तीची फाइल बंद होऊ देऊ नका

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. गिरगावातली तीन मजली चाळ, मागच्या गॅलरीखाली टेकू, बिल्डरने संमतीपत्रांवर सह्या घेऊन वर्ष उलटलं, आणि आता कमिटीवालेच सांगतायत की दुरुस्तीचा अर्ज करू नका, पुनर्विकासाला खोडा बसेल. शिवाय तुमचा रास्त प्रश्न : वर्षानुवर्षं दुरुस्ती उपकर भरतोय, तो पैसा जातो कुठे? 'खोडा बसेल' हे आमच्या परळच्या चाळीतही ऐकलंय. कमिट्यांकडून हे वाक्य कोणीतरी पाठच करून घेत असावं.

मी वकील नाही, आर्किटेक्टही नाही. चाळीचे कागद सांभाळायचं काम गळ्यात पडलं म्हणून थोडं कळायला लागलं. नियम सारखे बदलतात, तेव्हा कलमं आणि आकडे जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. पागडी, पावत्या, सोसायटीची नोंदणी हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे, ते सोडून देते.

आधी उपकर. १९४७ च्या भाडे कायद्याने मुंबईतली भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली. त्यात मालकाचा डागडुजीचाही खर्च निघेना. इमारती पडायला लागल्या, तेव्हा १९६९ मध्ये कायदा करून शहर भागातल्या जुन्या इमारतींवर हा उपकर बसवला. त्या वेळी अशा १९,६४२ इमारती होत्या. त्यातल्या १६,५०२ 'अ' वर्गातल्या, म्हणजे १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या. तुमच्या वर्णनावरून तुमचीही त्यातलीच दिसते. पालिका मालमत्ता कराच्या बिलातून उपकर गोळा करते, तो म्हाडाच्या (राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या) इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे जातो, आणि सरकार, पालिका, म्हाडा आपापली भर घालतात. पण तुम्ही भरलेला उपकर तुमच्या इमारतीच्या नावावर साठत नाही. सगळ्यांचा पैसा एकत्र, आणि ज्याचा जिना आधी पडायला आला त्याचा नंबर आधी.

त्यात आणखी एक मेख आहे. एका इमारतीच्या दुरुस्तीवर चौरस मीटरमागे किती खर्च करायचा याची कमाल मर्यादा सरकार ठरवतं. अंदाजपत्रक त्यावर गेलं की वरचा फरक रहिवाशांनी भरायचा, नाहीतर इमारत दुरुस्तीपलीकडे गेली असं ठरतं. वेळेत केलेली दुरुस्ती मर्यादेत बसते, रखडलेली बसत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे याच्यावरच येणार आहे. (आणि हो, दुरुस्ती झाली की उपकराचा दरही चढतो. बऱ्याच जणांना ते बिल आल्यावर कळतं.)

इथे कोणीतरी हमखास सांगेल की मालक दुरुस्ती करत नसेल तर १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याखाली नोटीस देऊन आपण करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. तशी तरतूद आहे. पण वर्षाला वळता करायची मुभा त्या वर्षीच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापुरती. आमचं भाडं महिना ६० रुपये होतं, म्हणजे वर्षाला वळते होणार फक्त १८० रुपये. यात सिमेंटची एक गोणही येत नाही.

आता पुनर्विकासाचा पैसा. त्याचा उपकराशी काडीचा संबंध नाही. मुंबईच्या विकास नियमावलीतल्या ३३(७) खाली, म्हणजे उपकरवाल्या इमारतींच्या पुनर्विकासाच्या नियमाखाली, सरकार रोख काही देत नाही, जास्त बांधायची परवानगी देतं : एफएसआय ३ (म्हणजे भूखंडाच्या तिप्पट बांधकाम), किंवा पुनर्वसनाला लागणारं क्षेत्र अधिक बिल्डरला विकायला मिळणारं प्रोत्साहन क्षेत्र, यातलं जे जास्त असेल ते. बिल्डर वरचे फ्लॅट विकणार आणि त्यातून तुमचं किमान ३०० चौरस फुटांचं घर, दरम्यानचं भाडं आणि स्वतःचा नफा काढणार. म्हणजे तुमच्या घराचे पैसे अजून न बांधलेल्या फ्लॅटच्या अजून न भेटलेल्या गिऱ्हाइकाच्या खिशात आहेत. बाजार बसला किंवा बिल्डरचं कर्ज अडलं की काम जिथल्या तिथे. त्यात गिरगावातले भूखंड लहान, गल्ल्या अरुंद, अग्निशमनाच्या गाडीला जागा सोडायची, त्यामुळे कागदावरचा एफएसआय सगळा वापरता येतोच असं नाही. म्हणून आजूबाजूच्या इमारती एकत्र घ्यायचं बघतात. ३३(९) चा समूह पुनर्विकास हवा तर शहर भागात किमान ४,००० चौरस मीटर जमीन लागते. भेंडीबाजारात साडेसोळा एकरांवर तो चाललाय. तिथली हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ ला कोसळून तीसहून जास्त माणसं गेली, तेव्हा ती त्याच प्रकल्पात होती. प्रकल्पात नाव आहे म्हणून तुळई थांबत नाही.

तर हे दोन वेगळे पैसे आहेत. पण दुसऱ्याची नुसती चर्चा सुरू झाली की पहिला थांबतो, आणि तो थांबल्याचं कोणी कळवत नाही. आमचं सगळ्यात मोठं नुकसान यात झालं.

कार्यालयाचं नाव घेत नाही. अशा इमारतीच्या कागदांना चार-पाच सरकारी दारं लागतात, त्यातलं कुठलं हे ओळखत बसू नका. पावसाळ्याच्या तोंडावर माणसं आली, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीची तुळई कुजलीय म्हणाली, टेकू लावून गेली. अंदाजपत्रक तयार होतंय असं सांगितलं. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा तेच. तोवर टेकू घरचे झाले होते. एकाला कपड्यांची दोरी बांधली गेली, एकाला दसऱ्याला झेंडूची माळ पडायला लागली, आणि लपंडावात ज्याच्यावर राज्य येईल तो पोरगा टेकूलाच डोकं टेकून आकडे मोजायचा. चौकशीला जावं तर उत्तर ठरलेलं : फाइल वर गेलीय.

शेवटी माहिती अधिकारात फाइल बघायला मागितली. पत्रव्यवहाराच्या बाजूला आमचेच अर्ज, आमच्याच स्मरणपत्रांच्या प्रती. टिपणीच्या बाजूला शेवटच्या पानावर दोन वाक्यं : 'सदर इमारतीचा पुनर्विकास प्रस्तावित असल्याने दुरुस्तीचा प्रश्न उद्भवत नाही. नस्तीबद्ध करावे.' म्हणजे फाइल बंद. खाली सही, तारीख. ती तारीख बिल्डरने चाळीच्या पटांगणात पहिली सभा घेतली त्याच्या जेमतेम महिनाभर पुढची! तेव्हा ना एनओसी (पुनर्विकासाला म्हाडाचं ना-हरकत पत्र) होती ना करारनामा, संमतीपत्रं अर्धीसुद्धा झाली नव्हती. प्रस्ताव कोणाचा, त्याचा क्रमांक काय, एक कागद फाइलमध्ये नाही. नस्तीबद्ध केल्याचं पत्र आम्हाला नाही, मालकालाही नाही. आणि 'फाइल वर गेलीय' सांगणारं टेबल तेच, जिथे ती कपाटात बांधून ठेवली होती.

बिल्डर मंदीत गायब झाला. आम्ही नव्याने अर्ज केला, नवा आवक क्रमांक पडला, नवी पाहणी झाली. पण आता एका तुळईची कुज तीन तुळयांत उतरली होती आणि जिन्याचाही आधार सुटला होता. अंदाजपत्रक मर्यादेच्या वर. पहिल्या पाहणीनंतर काम झालं असतं तर ते उपकराच्या पैशात सहज बसलं असतं, हे त्याच कार्यालयातल्या एका अभियंत्याने तोंडी मान्य केलं. लेखी द्या म्हटल्यावर गप्प. मागच्या खोल्यांतली कुटुंबं स्वतःच्या खर्चाने कल्याण-बदलापूरला भाड्याने गेली, कारण संक्रमण शिबिरात जागा हवी तर इमारत रिकामी करायची नोटीस पाहिजे आणि नोटिशीसाठी फाइल चालू पाहिजे, असं आम्हाला सांगण्यात आलं. पुढे दुसऱ्या बिल्डरकडून इमारत झाली, मी आता अकराव्या मजल्यावरून लिहितेय, तरी त्या दोन वाक्यांचा राग गेलेला नाही.

म्हणून माझं मत, पटो न पटो : दुरुस्तीचा अर्ज आजच करा. 'खोडा' वगैरे बिल्डरच्या सोयीचं आहे. इमारत जितकी मोडकळीला येईल तितक्या सह्या लवकर पडतात. एक अपवाद मी मान्य करेन. बांधकामाची सीसी (काम सुरू करायचा पालिकेचा परवाना) झालीय, करारनामे नोंदवलेत, भाड्याचे चेक हातात आहेत, तर तुळया बदलण्यात अर्थ नाही. नुसत्या संमतीपत्रावर मात्र दुरुस्ती सोडू नका. अर्जात साफ लिहा की पुनर्विकासाला कोणतीही एनओसी दिल्याचं आम्हाला माहीत नाही, दिली असल्यास प्रत द्यावी. प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

त्याच आठवड्यात माहिती अधिकाराचा अर्ज टाका, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. 'सद्यस्थिती कळवा' असं विचारलंत तर 'कार्यवाही सुरू आहे' असं छापील उत्तर येईल. त्यापेक्षा 'संपूर्ण नस्ती टिपणीसह अवलोकनासाठी उपलब्ध करावी' असं मागा, आणि गेल्यावर टिपणीची पानं आधी बघा.

एनओसी खरंच गेलेली निघाली तर गोष्ट वेगळी. मग अधिकारी इमारतीकडे बिल्डरची जबाबदारी म्हणून बघतात, आणि बिल्डर हात वर करतो. एनओसीला अटी असतात. काम सुरूच झालेलं नसेल तर ती रद्द करा अशी लेखी मागणी भाडेकरूंनी लावून धरायची.

म्हाडा कायद्यातल्या कलम ७९-अ चा मुद्दा तुमच्या पोस्टखाली एकाने काढलाय : धोकादायक इमारतीच्या पुनर्विकासाचा प्रस्ताव द्यायला मालकाला सहा महिने, नाही जमलं तर भाडेकरूंच्या सोसायटीला सहा महिने, मग म्हाडा स्वतः. ऐकायला छान आहे. पण या नोटिसांवरून २०२५ मध्ये उच्च न्यायालयात मोठं प्रकरण झालंय, तेव्हा आजची स्थिती वकिलाला विचारल्याशिवाय त्याच्या भरवशावर बसू नका. तसंच त्याच कायद्यातल्या कलम १०३-ब चं. सत्तर टक्के भाडेकरूंनी सोसायटी करून शंभर महिन्यांच्या भाड्याइतक्या रकमेत इमारत संपादन करून घ्यायची ती तरतूद. आमच्या हिशेबाने खोलीमागे सहा हजार रुपये! मालक सर्वोच्च न्यायालयात का गेले ते वेगळं सांगायला नको. त्या वादातून निघालेल्या घटनात्मक प्रश्नावर नऊ न्यायमूर्तींनी ५ नोव्हेंबर २०२४ ला निकाल दिला की प्रत्येक खाजगी मालमत्ता काही समाजाची भौतिक साधनसंपत्ती होत नाही. त्यामुळे तो रस्ता सोपा समजू नका.

जाता जाता. संडास, मलवाहिनी, गॅलरीच्या लाद्या अशी कामं आमदार निधीतून होतात, त्यासाठी उपकराच्या फाइलची वाट बघू नका. निवडणुकीच्या आधी मागितलं तर जास्त लवकर होतं. खोलीचं मोजमाप घ्यायला माणसं येतील तेव्हा घरात हजर राहा आणि आकडा वाचल्याशिवाय सही करू नका. ३३(७) मध्ये १३ जून १९९६ नंतर वाढवलेले भाडेकरू धरत नाहीत, तेव्हा जुन्या पावत्या आत्ताच स्कॅन करून ठेवा. नव्या इमारतीचा मेंटेनन्स किती येईल, कॉर्पस (मेंटेनन्ससाठी बिल्डरने द्यायची ठेव) किती, हे करारात आकड्यासकट लिहून घ्या. ६० रुपये भाडं भरणाऱ्यांना लिफ्टचं बिल झेपत नाही, आमच्याकडे दोन घरं त्यापायीच विकली गेली.

आणि तुम्ही टाकलेल्या फोटोत चाळीची पाटी आणि उपकर क्रमांक स्वच्छ वाचता येतोय. तो फोटो आधी काढा. इथे वाचणारे सगळेच भाडेकरू नसतात, दोन एजंट तर मीच ओळखते.