स्पंजिंग हेच का नर्सचे काम?

प्रश्न : नर्सिंगच्या प्रथम वर्षाला प्रवेश घेऊन मला तीन महिने झाले. इंजेक्शन देणारी, अत्यवस्थ रुग्णाजवळ धावून जाणारी नर्स, असे चित्र मनात घेऊन मी आले होते. प्रत्यक्षात चादरी बदलणे, स्पंजिंग करणे (ओल्या कापडाने रुग्णाचे अंग पुसणे) आणि नाडी-तापाचे तक्ते भरणे एवढेच वाट्याला आले आहे. घरचे म्हणतात, ‘सेवाभाव हवा.’ माझी समजूतच चुकीची होती का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : तुमची समजूत चुकीची नव्हे, अपुरी होती, घरच्यांचीही तितकीच अपुरी आहे. नवे विद्यार्थी बहुधा दोन चित्रे घेऊन येतात : एक मायेने उशाशी बसणाऱ्या सेविकेचे, दुसरे डॉक्टरांच्या सूचना पाळणाऱ्या मदतनिसाचे. दोन्हींत तथ्य आहे, परंतु नर्सची नजर आणि तिची निर्णयशक्ती दोन्हींतून गळून पडते. (या अभ्यासक्रमाला येणाऱ्या मुलग्यांना तर पहिले चित्र लागूच पडत नाही, ते किती तोकडे आहे हे यावरूनही कळावे.)

स्पंजिंगचेच घ्या. रुग्णाला कुशीवर वळवून पाठ पुसताना कमरेखालच्या हाडावर लालसर डाग दिसला, तर तो बोटाने दाबून पाहायचा असतो. दाबल्यावर फिका पडला तर ठीक. तसाच लाल राहिला, तर कातडी अखंड दिसत असली तरी बेडसोअरची, म्हणजे सतत पडून राहिल्याने दाब येऊन होणाऱ्या जखमेची, सुरुवात झाली आहे असे समजावे. सावळ्या त्वचेवर ही लाली चटकन दिसत नाही. तेथे ती जागा आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागते का, हे हातालाच कळते. म्हणजे ज्याला तुम्ही हलके काम समजलात, ती रुग्णाची तपासणीच आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या हातातला दिवा सर्वांना आठवतो. क्रिमियन युद्धात सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या आजारांनी अधिक मेले, हे त्यांनी मृत्यूंची आकडेवारी मांडून, आकृत्या काढून दाखवले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाची प्रशिक्षणशाळा सुरू झाली, ती मनाच्या कोमलतेला शिक्षणाची जोड हवी म्हणूनच.

डॉक्टरांच्या बाबतीत एवढेच, की लिहिलेला डोस शंकास्पद वाटला तर तो मुकाट्याने देणे ही आज्ञाधारकता नव्हे. विचारून खात्री करून घेणे हे नर्सचे कर्तव्य आहे.

आता तुमच्या तक्त्यांविषयी. प्रौढ माणसाचा श्वास विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा चालतो आणि प्रकृती ढासळू लागली की हा आकडा अनेकदा इतर खुणांच्या आधी वाढतो. तरीही अंदाजाने भरला जातो तो हाच रकाना. आपला श्वास कोणी मोजत आहे हे कळले की रुग्ण नकळत तो बदलतो. म्हणून नाडी मोजून झाल्यावरही मनगट सोडू नका. नाडीच पाहत आहोत असे भासवून, छातीच्या हालचालीवर लक्ष ठेवून पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. कालच्या १६ चे आज २४ झाले असतील, तर रुग्ण ‘बरे वाटते’ म्हणत असला तरी तक्ता भरून पुढच्या खाटेकडे वळू नका. आधी वरिष्ठ नर्सना जाऊन सांगा.