हिशेब 'टेबल' केले म्हणजे नेमकं काय केलं?

प्रश्न: आमच्या देवस्थानच्या महाजनांची वार्षिक सभा आहे. बरेच महाजन बाहेर असतात म्हणून नोटीस इंग्रजीतपण काढली, त्यात मी लिहिलं की ऑडिट झालेले अकाउंट्स सभेत 'टेबल' केले जातील. झालं, न्यू जर्सीहून पुतण्याचा ग्रुपवर मेसेज, "काका, हिशेब दाबताय कशाला?" आता जो तो मलाच विचारतोय. चूक कुणाची?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर: कुणाचीच नाही हो. तुम्ही लिहिलंत ते बरोबर आणि पुतण्याला जे कळलं तेही त्याच्या जागी बरोबर, हीच तर गंमत आहे.

आपल्याकडे इंग्रजी आलं ब्रिटिश वळणाचं. त्यात 'टेबल करणं' म्हणजे कागद सभेपुढे मांडणं. पर्वरीला विधानसभेत एखादा अहवाल 'टेबल' झाला असं इंग्रजी पेपरात येतं तेच मराठी पेपरात 'पटलावर ठेवला' असं येतं, आणि हे पटल म्हणजे सभापतींच्या समोरचं ते टेबलच. अमेरिकेत मात्र उलटं, तिथे टेबल करणं म्हणजे विषय बाजूला ठेवून देणं, आणि त्यांच्या काँग्रेसच्या हाऊसमध्ये तर ठराव टेबल करायचं मतदान पास झालं की तो ठराव बहुतेक मेलाच समजा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकारी याच शब्दावरून बराच वेळ भांडले होते, दोघांनाही हवं होतं एकच, हे चर्चिलनेच लिहून ठेवलंय. म्हणजे काका-पुतण्याचं काय घेऊन बसलात!

एका शब्दाचे असे उलटे अर्थ कसे, तर कागद दोघांनीही टेबलावरच ठेवला, एकाने तो वाचायला घेतला आणि दुसऱ्याने तिथेच पडू दिला, एवढंच. आणि आपण मराठीत वेगळं काय करतो? 'पटलावर ठेवला' म्हटलं की काम पुढे गेलं, 'फाइल साहेबांच्या टेबलावर पडून आहे' म्हटलं की सहा महिने गेले. (टेबलाखालचा विषय वेगळा, त्याचा अर्थ सगळ्या देशांत एकच.)

अजून एक, घोळ फक्त क्रियापदाचा आहे. 'ऑफर ऑन द टेबल आहे' असं अमेरिकन माणूस म्हणाला तर ती ऑफर चालू आहे, बाद झालेली नाही.

नोटीस मागे घ्यायची काही गरज नाही. ग्रुपवर एवढंच टाका की अकाउंट्स सभेत 'प्रेझेंट' केले जातील, हा शब्द दोन्हीकडे एकच. आणि पुतण्याला म्हणावं हिशेब मेजावरच आहेत, तूच ये बघायला, जत्रा धरून आलास तर उत्तम.