भन्तेंचा सत्कार कोणत्या रीतीने करावा?

प्रश्न : उत्तर नागपुरातील आमच्या वस्तीच्या बुद्धविहारात राहणाऱ्या भन्तेंनी २०२० च्या टाळेबंदीत विहाराचे सभागृह स्वयंपाकासाठी खुले केले आणि हातावर पोट असलेल्या कुटुंबांना दोन महिने जेवण पुरवले. एप्रिल २०२१ मध्ये घाटावर जाऊ न शकलेल्या नातेवाइकांना ते फोनवरून त्रिशरण-पंचशील देत. आता त्यांचा सत्कार करायचा आहे. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह आणि थैली द्यावी, असे तरुणांचे म्हणणे आहे. ज्येष्ठांना मात्र ते खटकते. योग्य रीत कोणती?
— एक उपासक, नागपूर

उत्तर : ज्येष्ठांचे खटकणे रास्त आहे. श्रीफळ पूजाविधीतले, ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर हिंदू देवदेवतांची पूजा नाकारणाऱ्या २२ प्रतिज्ञा घेतल्या गेल्या, तेथील विहारात ते कसे दिसेल, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. थैलीचेही तसेच. सोने-रुपे न स्वीकारणे हे सामणेराच्या, म्हणजे नवशिक्या भिक्खूच्या, दहा शीलांपैकी शेवटचे शील आहे, त्यामुळे सर्वांसमोर पैसे हातात देऊन भन्तेंना संकोचात टाकू नये. जमलेली रक्कम विहाराच्या खात्यात जमा करावी आणि ती कशासाठी वापरावी, हे त्यांनाच विचारावे. शालीऐवजी चीवरदान, म्हणजे भिक्खूच्या वस्त्राचे दान, करावे. वर्षावास (भिक्खूंचा पावसाळ्यातील एका जागी मुक्काम) संपल्यानंतर, म्हणजे आश्विन पौर्णिमेनंतरच्या महिन्यात, चीवरदानाची परंपराच असल्याने तोच काळ सत्कारासाठी निवडता येईल.

खरी मेहनत मात्र मानपत्रावर घ्यावी. 'कोरोना योद्धा', 'करुणामूर्ती' ही विशेषणे त्या दोन वर्षांत इतकी वाटली गेली की आता ती वाचून कोणाचाच चेहरा डोळ्यांसमोर येत नाही. त्याऐवजी चूल कोणत्या दिवशी पेटली, धान्य कोठून आले, डबे कोणत्या गल्ल्यांत गेले, अंत्यसंस्काराला वीसच माणसांची मुभा असताना आणि पुढे तीही माणसे मिळेनाशी झाली असताना भन्तेंनी कोणाकोणाला धीर दिला, हे आठवणाऱ्यांकडून विचारून साध्या वाक्यांत लिहावे. मृतांची नावे घ्यायची असल्यास कुटुंबीयांना आधी विचारावे. काहींना ती जाहीरपणे ऐकवणार नाहीत.

भिक्खूंचे नियम सांगणाऱ्या विनयपिटकाच्या महावग्ग या भागात एक प्रसंग आहे. अतिसाराने घाणीत पडलेल्या आणि सहकाऱ्यांनी दुर्लक्षिलेल्या एका भिक्खूला भगवान बुद्धांनी आपला शिष्य आनंद याच्यासह स्वतः आंघोळ घातली आणि ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने रुग्णाची सेवा करावी, असे संघाला सांगितले. मानपत्राच्या आरंभी हा प्रसंग घेतला, तर तुमच्या भन्तेंचे काम वेगळ्या शब्दांत गौरवावे लागणार नाही.

पोळ्या लाटणाऱ्या उपासिका आणि डबे पोचवणारी मुले यांनाही त्याच कार्यक्रमात बोलवावे. तशी भन्तेंचीच इच्छा असण्याचा संभव आहे, पण ते कदाचित स्वतःहून बोलणार नाहीत, म्हणून निमंत्रणपत्रिका छापण्यापूर्वी त्यांच्याशी एकदा बसावे.

कार्यक्रम सकाळी ठेवावा. भिक्खू मध्यान्हानंतर जेवत नसल्याने भोजनदान त्यापूर्वी व्हायला हवे आणि आपल्याकडे पाहुण्यांची वाट पाहण्यात दोन तास सहज जातात. तेव्हा पाहुणे आले नाहीत तरी अकराच्या सुमारास ताट वाढता येईल, अशा बेताने भाषणे ठरवावीत.